मोर्व्याच्या शेतावर अण्णा पाहुणे

लोक हिमालयात जातात, युरोपात जातात आणि परत आल्यावर लिहितात. मी भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक वस्तीतून निघून पश्चिमेला मोर्व्याच्या पुढे एका शेतावर गेले आणि दुसऱ्या दिवशी घरी आले. दोन्ही ठिकाणं एकाच महानगरपालिकेत, दोन्हीकडे त्याच कंपनीची वीज जाते. याला प्रवास म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पण सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी "कसं होतं? बच्चे एन्जॉय करेंगे क्या?" विचारून डोकं खाल्लं. म्हटलं, एकदाच लिहून ग्रुपवर टाकू, म्हणजे आपण मोकळे. लिहायला बसले तर भलतंच लिहून झालं. ग्रुपवर टाकण्यासारखं काही राहिलं नाही.

आधी सांगते, मी गेले कशाला. हौस म्हणून नाही. हौस करायला अंगात जीव लागतो. मी मीरा रोडच्या एका हॉस्पिटलात बिलिंग काउंटरवर बसते. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात, घरी आले की कुकर ओरडतो. गेले होते ते वडिलांसाठी.

आई गेल्यावर अण्णांना मी गावाहून इकडे आणलं. मराठवाड्यातलं गाव, पत्र्याचं घर, गुडघे गेलेले, साखर वाढलेली. एकटे कसे राहणार? इथे आले, दोन वर्षं राहिले, आणि दिवाळी झाल्यावर एके दिवशी म्हणाले, "मी गावाकडं जातो आता. कायमचा." भांडण नाही, तक्रार नाही. आपली बॅग भरली आणि चपलांच्या रॅकशेजारी ठेवून दिली. गावातला पुतण्या सुभाष त्यांचं बुधवारचं तिकीट काढणार होता. काशीमीऱ्याहून रात्रीची बस. मी रोज कामाला जाताना ती बॅग ओलांडून जायचे. तिकडे पडले-बिडले तर तोंडात पाणी कोण घालणार?

"कामून जायचंय पण?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"असंच," अण्णा म्हणाले.

आयुष्यभर शेतात राबलेला माणूस, त्याला मातीची आठवण येत असणार, असा मी निष्कर्ष काढला. इथे खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसते आणि तिच्या खिडकीतून आम्ही. तेवढ्यात शेजारच्या जिग्नाबेननी मोबाइलवर जाहिरात दाखवली: चालू शेतावर दोन दिवसांचा हिवाळी उत्सव, बैलगाडी, भाजी तोडणी, पोपटी, हुरडा, तंबूत मुक्काम. हुरडा! मला वाटलं, सापडलं औषध. इथेही शेत आहे हे अण्णांनी एकदा पाहिलं, की बॅग आपोआप माळ्यावर जाईल.

शनिवार, दुपार

नवऱ्याला गोदामात डबल ड्युटी, म्हणून आम्ही तिघंच: मी, अण्णा आणि आठवीतली माझी आर्या, जिचं तोंड घरापासूनच वाकडं होतं. जिग्नाबेन, त्यांचे मिस्टर आणि दोन मुलं पुढे गाडीने गेली. आम्ही स्टेशनच्या पुलावरून पश्चिमेला उतरून उत्तनची बस धरली. मुर्धा, राई ही गावं मागे पडली, दोन्ही बाजूंना मिठागरं लागली आणि पांढऱ्या ढिगांकडे बघून अण्णा म्हणाले, "हितं मीठच पिकतंय का?" मी म्हटलं, थांबा जरा, शेतही पिकतं. वारा उत्तनकडून येत होता, त्यात सुकत्या मासळीचा वास. आर्याने नाकाला रुमाल लावला. अण्णांनी छाती भरून श्वास घेतला आणि सुकटीची चटणी खाऊन किती दिवस झाले, ते मोजायला लागले.

शेत प्रमिलाताईंचं. आगरी बाई, पन्नाशीच्या, नऊवारी नाही की डिझायनर टोपी नाही, साधा गाऊन आणि वर नवऱ्याचा शर्ट. भात कापून झालेलं, त्या जागी वाल, मिरची, मुळा, पलीकडे दोन म्हशी. घरचं काम थांबलेलं नव्हतं, त्यातच उत्सव चालला होता. दारात फेट्याचा सेल्फी पॉइंट होता आणि त्याला टेकून खताची गोण ठेवलेली.

"या, या! जेवलाव का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नाव-गाव नंतर. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, जवळ्याची चटणी. अण्णांनी भाकरी उलटसुलट करून पाहिली. "लई नाजूक हाये. आपली ज्वारीची कशी, खाल्ल्यावर चार घंटे पोटात बसून ऱ्हाते." पण तीन खाल्ल्या. मला बरं वाटलं. म्हटलं, औषध लागू पडतंय.

मग सुरू झाला उत्सव. ज्यांना गंमत आवडते त्यांच्यासाठी लिहिते: मुलांनी मुळे उपटले, त्यात कोवळी मिरचीही उपटली. प्रमिलाताई "न्हाय रे बाला, ती न्हाय!" करत धावल्या. एका बाईंचा मोबाइल म्हशीच्या गव्हाणीत पडला आणि म्हशीने तो चाटून काढला. आर्याचा पांढरा बूट चिखलात रुतला, ओढल्यावर पाय आला आणि बूट आतच राहिला. त्यानंतर ती अनवाणीच फिरली आणि तोंड हळूहळू सरळ झालं. मी मात्र खाटेवर बसल्या बसल्या दोनदा पेंगले. सुट्टीसुद्धा कामासारखी उरकायची सवय लागलीय, काय करणार?

अण्णा प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. मी त्यांना उठवायला गेले. "अण्णा, चला ना, वालाच्या शेंगा तोडू. तुम्हाला बरं वाटेल."

"तू तोड," ते म्हणाले. "मी बघतो."

शनिवार, दिवस मावळताना

पोपटी म्हणजे काय, हे आमच्या मराठवाड्यात कोणाला ठाऊक नाही, म्हणून सांगते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, अंडी, हवी तर कोंबडी. वर पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब नाही. पाल्याचा वास असा सुटतो की पोट भरलेल्यालाही भूक लागावी.

जिग्नाबेनसारख्या मंडळींसाठी शाकाहारी मडकी वेगळी. प्रमिलाताईंनी त्यांच्यावर चुन्याने मोठ्या फुल्या मारल्या. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं, काय छान सोय! जाळ झाला, निखारे बाजूला सारले, आणि बघतो तर सगळी मडकी काळीकुट्ट. एकावरही फुली नाही. काजळीखाली चुना कुठे गेला, कळेना.

"घरान आमचे सगलीच एक असतात," प्रमिलाताई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "फुली कवा मारलीच न्हाय. आता क करू?"

पहिलं फोडलं, त्यात अंडी. दुसऱ्यात कोंबडी. पुढची मडकीही त्याच हातांनी, त्याच परातीत फुटणार होती. जिग्नाबेन चार पावलं मागे सरल्या. "हमको रहने दो, भाभी. पता नहीं कौन सा कौन सा है." त्यांच्यामागे आणखी पाच-सहा कुटुंबं सरली. पोरं भुकेली, "मम्मी, मॅगी है क्या?" सुरू झालं. आता त्या सगळ्यांचा भरवसा हुरड्यावर. नगरहून कणसांची पोती आली होती, कणसं भाजायची आगटीही खणून ठेवली होती, पण हुरडा भाजणारा माणूस दुपारीच ताप भरून घरी गेलेला. घरचं झालं थोडं, त्यात व्याह्यानं धाडलं घोडं!

प्रमिलाताई सगळ्यांत फिरून विचारायला लागल्या, "तिकरचा कोन हाय का? हुरडा येतंय कोनाला?"

आणि मी हात वर केला. "आमचे अण्णा!" मी मोठ्याने म्हणाले. मला केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू! हीच तर वेळ. अण्णा आगटीपाशी बसतील, सगळे त्यांचं कौतुक करतील, आणि त्यांना वाटेल की आपण इथेही कोणीतरी आहोत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जिग्नाबेनच्या मुलाने तर अण्णांचा हात धरला, "दादाजी, चलो ना!"

अण्णा खुर्चीतून हलले नाहीत.

"न्हाई," ते म्हणाले. "मी आज पाहुणा आलोय."

"अहो अण्णा, सगळे थांबलेत," मी खाली वाकून पुटपुटले. "मुलं उपाशी आहेत. पाच मिनिटांचं काम."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "वंदना, पाटलाच्या मळ्यात दर साली हुरडा व्हायचा. गवऱ्या मी रचायचो, कणसं मी खुडायचो, भाजायचो बी मीच. चोळायला दुसरा गडी बसायचा. आपल्या हातचं कोण खाणार? मंडळी उठून गेली की उरलंसुरलं आमच्याकडं यायचं, बांधावर." मग जरा हसले. "तवा माझ्या हातचं नको होतं. आता माझ्याच हातचं पायजे. ऱ्हाऊ दे की आज. एक दिस बसून खातो."

मी जन्मभर त्यांची मुलगी आहे, आणि हे मला ठाऊक नव्हतं. सालगडी होते हे माहीत होतं. बांधावरचं माहीत नव्हतं. मला इतकी लाज वाटली की टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघवेना. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

प्रमिलाताई जवळच होत्या. त्यांनी ऐकलं असावं. शर्टाच्या बाह्या वर केल्या, आगटीपाशी जाऊन बसल्या आणि कणसं राखेत खुपसली. येत काहीच नव्हतं त्यांना. एक कणीस जळालं, दुसरं कच्चं राहिलं, तिसरं तळहातावर घेतलं तर "आई गं!" करून फेकलं. आर्या शेजारी बसून फुंकर मारायला लागली. जिग्नाबेनही साडी खोचून आल्या, "लाओ, पापड तो रोज सेंकती हूँ." अशा अडाणी तिघींनी मिळून पहिली मूठ तयार केली. मुलं हात पसरून उभीच होती. प्रमिलाताईंनी त्यांना बाजूला सारलं, ती मूठ घेऊन खुर्चीपाशी आल्या आणि अण्णांच्या तळव्यावर ठेवली.

"घ्या काका. पयला पावन्याला."

अण्णा त्या दाण्यांकडे बराच वेळ बघत होते. काळे, हिरवे, अर्धे कोंड्यासकट. मग सगळे एकदम तोंडात टाकले आणि सावकाश चावले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे.

"जळालाय थोडा," अण्णा म्हणाले आणि हात पुन्हा पुढे केला. "द्या अजून."

रविवार

सकाळी प्रमिलाताई वालाला पाणी सोडत होत्या. पाहुणे तंबूत घोरत होते, पण वालाला कुठे माहीत उत्सव आहे! अण्णा त्याच खुर्चीत, चहाचा कप हातात. मी शेजारी मातीत बसले. अंग इतकं दुखत होतं की पुन्हा उठायचं म्हणजे संकट.

"अण्णा, इथे बरं वाटलं ना? मग घरी का नाही वाटत?"

"हितं मला कुणी काम सांगितलं न्हाई," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तू सकाळी दाराला पिशवी अडकवून जातीस. दूध. मग पोरीला क्लासला सोडा. येताना भाजी, मग गॅसवाला येणार, घरी ऱ्हावा. सालगड्याला बी सकाळी असंच सांगायचे. दारात उभं करून, एकदाच सगळं." ते रागाने बोलत नव्हते, हेच जास्त लागलं. "गावात काय हाये मला? काय बी न्हाई. पण कुणी काम तरी सांगत न्हाई."

माझा तोल गेला. खरं सांगते, मला रडूही आलं आणि रागही. "मी तुम्हाला करमावं म्हणून सांगते, अण्णा! नुसते बसलात तर खंगाल म्हणून! आणि मला? मला कोण सांगत नाही काम? हॉस्पिटलात सांगतात, घरी सांगतात, शाळेच्या ग्रुपवर सांगतात. मी कुठे पाहुणी आहे? कोणाच्या दारात मला 'बस' म्हणतात? तुम्हाला निदान गाव आहे पळून जायला. मी कुठे जाऊ?"

बोलून टाकलं आणि तोंड फिरवून पाण्याकडे बघत बसले. पाटातलं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जात होतं. अण्णांनी कपातला उरलेला चहा माझ्या हातात दिला. गार झाला होता. मी प्यायले.

निघताना प्रमिलाताईंनी कणसांची जुडी अण्णांच्या हातात ठेवली. "पावन्याला रिकाम्या हाती धारत न्हाय आमी." मी म्हटलं, अहो कशाला, तर म्हणाल्या, "तुमाला न्हाय देत, ताई. काकांना देतंय." बसमध्ये अण्णांनी ती जुडी मांडीवर धरून ठेवली. मला वाटलं, गावाला नेतील बुधवारी. झालं, दोन दिवस आणि एवढी दगदग, आणि मी स्वतःच्या तोंडाने त्यांना निघायचं कारण दिलं. आर्या माझ्या खांद्यावर झोपली होती, एका पायात बूट, दुसऱ्यात प्रमिलाताईंनी दिलेली रबरी चप्पल.

घरी

दार उघडलं. बॅग होती तिथेच. मी ती ओलांडली, साडी न बदलताच कुकर लावला आणि डाळ धुवायला घेतली.

मागून चेनचा आवाज आला. वळून पाहिलं तर अण्णा बॅग उघडून आतले कपडे बाहेर काढत होते. धोतर, सदरे, आईचा फोटो, सगळं चपलांच्या रॅकवर. तळाशी त्यांचा जुना जाडा टॉवेल होता, तो काढून खांद्यावर टाकला आणि स्वयंपाकघरात आले.

"काय हवंय, अण्णा? मी देते."

"तू सरक."

त्यांनी मोकळ्या शेगडीवर पापडाची जाळी ठेवली, तिच्यावर कणसं मांडली आणि बोटांनी फिरवत राहिले. घरभर तो वास सुटला, कोवळ्या ज्वारीचा, थोडा धुराचा. आर्या धावत आली.

"अण्णा, ही कणसं गावाला नेणार होतात ना?" मी विचारलं.

"येडी का काय! गावाला कणसं कोण नेतं? तिथं रान भरलंय." त्यांनी गरम कणीस टॉवेलात धरलं, हातावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला. सिंकमध्ये, ओट्यावर, माझ्या डाळीत कोंडाच कोंडा. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आर्याने उचलून स्पीकरवर टाकला. सुभाष होता.

"अण्णा, बुधवारचं तिकीट काढू ना? खिडकीची जागा मिळतीया."

"ऱ्हाऊ दे रं," अण्णा ओरडून म्हणाले, दुसरं कणीस चोळत. "थंडी सरू दे, मग बघू. हात गुंतल्यात माझे."

मी डाळीचं पातेलं तसंच हातात धरून उभी होते. अण्णांनी ते काढून ओट्यावर ठेवलं, मला डायनिंगच्या खुर्चीकडे ढकललं आणि म्हणाले, "हात पुढं कर."

मी हात पुढे केला. दाणे चटका बसण्याइतके गरम होते. इतक्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी सवयीने उठले.

"बस," अण्णा म्हणाले. "पाहुणी उठत नसती. आर्या, तो गॅस बंद कर."

मी बसले. सगळे दाणे एकदम तोंडात टाकले. डोळ्यांना पाणी आलं, ते धुरामुळे असं मी आर्याला सांगितलं. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

"जळालाय थोडा," मी म्हणाले आणि हात पुढे केला. "द्या अजून."